हवा कुठं खाते ते सांग

अहो,

परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. माणसं पुष्कळ आली. शेडमध्ये सतरंज्या कमी पडल्या, म्हणून तुमच्या त्या ताडपत्रीवर लोक बसले. ऑइलचे डाग बघून कुणी नाक मुरडलं नाही. भंतेजींची वंदना झाल्यावर चार जण बोलायला उठले. कसाऱ्याकडून आलेला एक पाहुणा म्हणाला, "मिस्त्रींचा कान म्हणजे कान होता. इंजिनाला हात न लावता सांगायचे, हवा कुठं खाते ते." आपल्या आळीतली माणसं माझ्याकडे बघून गालात हसली. मी मान खाली घातली. लांबच्यांना वाटलं मी रडतेय. मला हसू आलं होतं, तुमची शपथ.

आता सगळे गेले. तुम्ही कसे गेलात, काय झालं, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तुम्हाला ते सांगायला नको, तुम्ही तिथंच होतात. पण एक गोष्ट काल कळली, ती तुमच्याशी बोलल्याशिवाय मला गिळता येत नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी मला माझ्या बाजूने सगळं एकदा आठवू द्या. मध्ये बोलू नका.

मुरबाडकडून लग्न करून इथे शहापूरला आले तेव्हा पुढे पत्र्याची शेड आणि मागे दोन खोल्या एवढाच आपला संसार होता. तुम्ही ठाण्याला बारा वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकलेले, मग इंजिनाचं काम शिकून गावी आलेले. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. दिवसातून चार वेळा चहा घेऊन यायचं आणि कप उचलून न्यायचे, एवढाच माझा शेडशी संबंध.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. मुरबाडचे गुरुजी त्यांची ती पांढरी छोटी गाडी घेऊन आले. जुनीच घेतलेली. त्यांची शाळा आपल्या बाजूला होती, म्हणून गाडी तुमच्याकडे. रस्त्यावर बरी चालायची, पण उभी केली की इंजिन वर-खाली व्हायचं, मध्येच बंद पडायचं. तुम्ही प्लग काढून पुसलेत. कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतलात. परत बसवलात. गाडी आपली उभ्या उभ्या धापा टाकतेच आहे. दुपार झाली. मी चहा घेऊन आले आणि सहज म्हटलं, "अहो, खालून साप फुसकारल्यासारखं काय येतंय?"

तुम्ही डोकं वर न करता म्हणालात, "इंजिन हाय ते. आवाज करणारच."

गुरुजी जेवायला गेले, तेव्हा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. पान्याने हातावर टकटक करत म्हणालात, "सुनंदा, इकडं ये जरा. कुठं फुसकारतंय? दाव."

मी वाकले. पंख्याचा आवाज, बेल्टचा आवाज, त्या सगळ्याच्या मागे बारीक, न थांबणारी शीळ होती. मी बोट दाखवलं, कार्ब्युरेटर जिथे खाली बसतो त्याच्या पाठीमागे. तुम्ही ओलं फडकं तिथे दाबून धरलंत आणि इंजिन एकदम शांत झालं, रडणारं पोर खांद्यावर घेतल्यावर होतं तसं. मी खुश होऊन तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खुश नव्हतात. तुमचा चेहरा उतरला होता.

"तुमाला आइकू नाय आलं?" मी विचारलं.

"उजव्या कानानं काय येत नाय. डाव्यानं येतं थोडं."

"कधीपासून?"

तुम्ही फडकं पिळत राहिलात. "लगनाच्या आदीपासून."

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. बहिरेपणाचा राग नव्हता. बघायला आलात तेव्हा माझ्या आईने तुम्हाला सगळं विचारलं होतं, आणि तुम्ही प्रत्येक प्रश्नाला मान डोलावली होती. मला वाटलं होतं माणूस शांत आहे. तुम्हाला निम्मे प्रश्न ऐकूच आले नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली, तशीच थरथरणारी. मी चहा आणला, परत आत गेले नाही. वालाच्या शेंगा सुपात घेऊन बोनेटजवळच्या स्टुलावर सोलत बसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्या कोपराला एकदा हात लावला आणि नजरेने जागा दाखवली. तुम्ही बरोबर तिथे हात घातलात. तिथून आपलं सुरू झालं. कोपराला एकदा हात म्हणजे कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग, दोनदा म्हणजे मॅनिफोल्ड, तिथून इंजिनात हवा नेणारं नळकांडं, तीनदा म्हणजे एखादी रबरी नळी.

आणि संध्याकाळी शटर ओढल्यावर तुम्ही मला शिकवायचात. तुमच्यासारखं इंजिन कुणी समजावून सांगितलेलं मी नंतरही ऐकलं नाही. "हे बघ, इंजिन श्वास घेतं. त्याला हवा मोजून द्यायची, ती कार्ब्युरेटरमधनंच. कुठं पॅकिंग फाटलं, नळी चिरली, की चोरून जादा हवा शिरते. पेट्रोल तेवढंच आन हवा जादा. मग ते उभ्या उभ्या घाबरं होतं." कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात अर्धा धरून दाखवायचात, इंजिन सावरलं तर समजायचं, हवा नक्की कुठून तरी जास्तीची जातेय. मग ऑइलच्या डब्यात साधं पाणी भरून सांध्यासांध्यावर थेंब सोडायचे. जिथे पाणी पडल्यावर आवाज क्षणभर बदलतो, तिथे फट. दुसरे मिस्त्री हेच पेट्रोल शिंपडून करायचे. तुम्ही मला बजावलं होतंत, "गरम इंजिनावर पेट्रोल मारणारा माणूस मला शेडमधी नको." आणि रबराची दीड हात नळी घेऊन एक टोक माझ्या कानाला लावायचात, दुसरं इंजिनावर फिरवायचात. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचात. माझी भुवई हलली की थांबायचात.

मला त्या संध्याकाळी हव्या आहेत. बाकी काही नको.

दोन-चार वर्षांत तुमचं नाव झालं. मुरबाड, किन्हवली, पार डोळखांबच्या बाजूने गाड्या यायला लागल्या. "शहापूरच्या मिस्त्रीला नुसतं ऐकून कळतं." मी शेंगा सोलत ऐकायचे. छाती फुगायची आणि त्याच छातीत दुखायचंही. कधी तरी मी म्हणायचे, "एकदा सांगा ना लोकांना."

"काय सांगू? मिस्त्री भैरा हाय?"

"माझ्या कानाचं सांगा."

"कोन गाडी लावंल मग आपल्याकडं?"

"लावतील. गाडी नीट झाल्याशी मतलब त्यांना."

तुम्ही पाना उचलून कामाला लागायचात. तुमचं भय खोटं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त एवढंच दिसायचं की मी स्टुलावर आणि तुम्ही बोनेटजवळ.

मग तो दिवस. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठवड्यासाठी मुरबाडला जाणार होते. एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "वहिनी, नशीब काढलंत, असा कारागीर नवरा मिळाला." तुम्ही हात पुसत म्हणालात, "तिला काय कळतंय यातलं? चहा मात्र बरा करते."

माझं सूप हातातून सुटलं. शेंगा सगळ्या ऑइलमध्ये पडल्या. तुम्ही वाकून वेचायला लागलात, मी नाही वेचल्या. रात्रभर बोलले नाही. सकाळी पिशवी भरून निघायच्या आधी तुमच्यापुरता चहा केला. तेवढ्यात गुरुजी आले. गाडी दारात, इंजिन चालू. म्हणाले, "परत थरथरायला लागलीय. शाळा सुटल्यावर सोडून जातो, बघून ठेवा." मी चहा घेऊन बाहेर आले आणि मला ऐकू आलं. नेहमीच्या जागी नव्हतं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, पुढच्या काचेच्या खाली, जिथून ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याकडे रबरी नळी जाते, तिथून. बारीक, नवी शीळ.

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी चहा ड्रमवर ठेवला आणि आत गेले. मनात म्हटलं, मला काय कळतंय यातलं? ऐका आता तुम्हीच. आणि एस.टी. पकडली.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अकरा वर्षं झाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नेहमीच्या जागा बघितल्यात, पाणी मारून बघितलंत, नळीपर्यंत हात गेला नाही. उभ्या इंजिनाची चाल वाढवणारा स्लोचा स्क्रू थोडा चढवलात, थरथर बसली, गाडी दिलीत. चौथ्या दिवशी गुरुजी आणि त्यांची बायको, आपल्या काकू, डोळखांबकडे नात्यातल्या साखरपुड्याला निघाले. उतारावर ती नळी पार चिरली. ब्रेक दगडासारखा झाला. गाडी वळणावरून खाली शेताच्या बांधावर आदळली. गुरुजींचं कपाळ फुटलं. काकूंचा डावा हात दोन ठिकाणी मोडला.

तुम्ही माझ्या माहेरी आलात ती दुपार. आई ओटीवर डोळा बांधून पडलेली, मी अंगणात भांडी घासत होते. तुम्ही चप्पल न काढता उभे राहिलात. शर्टाचं बटण वर-खाली लागलेलं होतं.

"गुरुजींची गाडी घसरली. काकूंचा हात मोडला," तुम्ही म्हणालात. मग थोडं थांबून, "तू नव्हतीस, म्हणून..."

मी पुढचं ऐकलंच नाही. "झालं? ढकललंत माझ्यावर?" एवढं ओरडले की आई उठून बसली. मी बादली उचलली आणि विहिरीवर गेले. मुद्दाम तासभर बसले. परत आले तर तुम्ही नव्हतात. आई म्हणाली, "पाणी पण प्याला नाय गो. काय बोललीस त्याला?"

तो घाव इतका खोल का गेला हे मला एकटीला ठाऊक होतं. तुम्ही मारलात तो अंधारात मारलात, असं मला वाटत होतं, आणि तो नेमका लागला होता.

आठवड्याने मी परत आले. शेडच्या दारावर पाटी होती: कार्ब्युरेटरचे काम बंद आहे. तुम्ही पंक्चर काढत होतात, क्लच बदलत होतात. थरथरणारी गाडी आली की हात हलवून पुढे पाठवत होतात. मी विचारलं नाही. तुम्ही बोलला नाहीत. महिना गेला, दीड महिना गेला.

मग एका सकाळी टेम्पोला बांधून ती पांढरी गाडी आली. मागच्या सीटवर काकू, हात प्लास्टरमध्ये. गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, पत्रा सगळा सरळ करून आणलाय. पण उभं राहून थरथरणं तसंच आहे आणि ब्रेक दाबता दाबत नाही. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही."

शेडसमोर पाच-सहा माणसं होती. रिक्षावाले, पलीकडचा किराणावाला, एक जण नुसता बघायला. तुम्ही गाडीकडे बघत राहिलात. मग घराकडे तोंड करून हाक मारलीत. केवढी मोठी हाक. तुमचा आवाज किती मोठा होतो याचा तुम्हाला अंदाज नसायचा.

"सुनंदा! बाहेर ये गो! हवा कुठं खाते ते सांग!"

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "गुरुजी, मला आइकू येत नाय. कधीच येत नव्हतं. हिला येतं. आजवर जे काय सापडलं ते हिनं सापडवलं. मी नुसता पाना फिरवला."

किराणावाला पुढे सरकून माझ्याकडे बघायला लागला. तुमचे कान लाल झाले होते. मी हात पदराला पुसले, इंजिन चालू करायला सांगितलं आणि पहिल्यांदा स्टुलावर न बसता बोनेटपाशी उभी राहिले. मला शोधावं लागलंच नाही. मी सरळ त्या नळीवर बोट ठेवलं. तुम्ही ती काढून उलटी केलीत. खालच्या अंगाला चीर होती, बोटभर लांब.

लोक "वा वहिनी" म्हणाले. काकूंनी चांगल्या हाताने माझा दंड दाबला. आणि तुम्ही असे बघत होतात माझ्याकडे, की लग्नातही बघितलं नव्हतं. मी त्या नजरेसमोर कसं सांगणार होते, की ही चीर मी आधीच ऐकली होती?

त्या दिवसापासून गिऱ्हाइकं "वहिनींना बोलवा" म्हणायला लागली. एकही गाडी कमी झाली नाही. मी त्यावरून तुम्हाला किती टोमणे मारले, आणि तुम्ही प्रत्येक वेळी ऐकू न आल्याचं सोंग केलंत. खरं बहिरेपण कुठलं आणि सोंग कुठलं, ते मला बरोबर कळायचं.

पुढे गाड्याच बदलल्या. कार्ब्युरेटर गेले, बोनेट उघडलं तर सगळं झाकलेलं. वायर जोडली की मशीनवर आकडे येतात म्हणे. तोवर तुमचा डावा कानही गेला. मला वाटलं होतं तुम्ही चिडचिडे व्हाल. झाला नाहीत. संध्याकाळी शटर ओढून ओटीवर बसायचात आणि माझ्या ओठांकडे बघत विचारायचात, "आज काय आइकलंस?"

मी सांगायचे. बांबूत भारद्वाज घुमत होता. मुरबाडच्या एस.टी.ने चढावर दोनदा गिअर टाकला, दुसऱ्यांदा बसला. शेजारचा मिक्सर घरघरतोय, त्याचं बुश गेलंय. तानशाकडच्या बाजूला कुठे तरी ढोल वाजतोय. कल्याणला शिकायला असलेली आपली लेक फोनवर काय बोलली. तुम्ही डोळे बारीक करून सगळं ऐकायचात, हो, ऐकायचातच म्हणते मी. कधी विचारायचात, "गिअर कसा वाजला? करकरला का नुसता अडला?" मी करून दाखवायचे. वेडी दिसत असणार मी रस्त्यावरच्यांना.

आता मी दिवसभर ऐकते आणि ते सगळं माझ्यातच पडून राहतं. काल दुपारी भारद्वाज घुमला. मी ओटीकडे वळले. तोंड उघडलंसुद्धा.

आणि कालच संध्याकाळी काकू आल्या. गुरुजींना आता प्रवास झेपत नाही, म्हणून एकट्याच, मुरबाडहून एस.टी.ने. परवा गर्दीत बोलता आलं नसतं, म्हणाल्या. त्यांचा डावा हात अजून पूर्ण सरळ होत नाही. त्यांनी पाण्याचा पेला उजव्या हाताने घेतला आणि मी तिकडे बघणं टाळलं. नेहमी टाळते.

त्या म्हणाल्या, "सुनंदा, तुझ्या मिस्त्रीनं मला एक गोष्ट तुला सांगू नको म्हणून सांगितली होती. आता तो नाही. मी ठेवून काय करू?"

मी त्यांच्याजवळ सरकले.

"हात मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. खाटेच्या कडेला उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, काकू, माझी चूक हाय. तुमची गाडी दारात उभी होती तेव्हा माझ्या बायकोच्या भुवईवरनं मला कळलं होतं, तिला काय तरी आइकू आलंय. पन आदल्या दिवशी मी तिला चार लोकांत टाकून बोललो होतो. ती बोलली नाय. आन मी विचारलं नाय. विचारायला पायजे होतं. ताठा केला." काकूंनी पाण्याचा घोट घेतला. "मग म्हणाला, हे तिला सांगू नका, ती स्वतःला खाईल. आता तिच्याकडंच चाललोय मुरबाडला."

अहो, म्हणजे तुम्ही आधी तिथे गेलात. सगळं स्वतःवर घेतलंत. आणि तिथून सरळ माझ्या अंगणात आलात, बटण वर-खाली लावून. तुम्हाला माहीत होतं की मी ऐकलं होतं. तरी मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. अकरा वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसलात, मी काय काय ऐकलं ते रोज विचारलंत, आणि ते एक विचारलं नाहीत.

मला रडू आलं नाही. मी काकूंना म्हटलं, "खरं आहे ते. मला ऐकू आलं होतं. मी रागात गप्प राहिले. त्यामुळे तुमचा हात मोडला." माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तुम्हाला सांगायचं होतं, काकूंना सांगितलं. अंगणातलं तुमचं बोलणं आणि माझं ओरडणंही.

काकूंनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी तो वाकडा हात माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "दुखायचा तेव्हा मी दोघांना शिव्या घातल्या आहेत गो. तुला ठाऊक नसताना. आता दुखत नाही." थोड्या वेळाने विचारलं, "तुला राग होता त्याच्यावर? अंगणात येऊन बोलला त्याचा?"

"होता," मी म्हटलं. "आत्तापर्यंत होता."

"आणि आता?"

राग धरायलाही माणूस समोर लागतो, अहो. मी काकूंच्या त्या हातावर डोकं ठेवलं आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. पलीकडचा किराणावाला धावत आला. आळीतली दोन-चार माणसं दारात जमली. मी रडणं थांबवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाऊ दिलं.